पाय बघणारा मेस्त्री

तुळजाराव मेस्त्री माणसाच्या तोंडाकडं आधी बघायचा नाही. पायांकडं बघायचा. आमच्या घराच्या फरशीचं काम ठरवायला तो आला, तेव्हा माझा मुलगा राजू हात पुढं करून उभा, आणि हा गडी खाली बघतोय. राजूचे बूट बघितले, माझ्या चपला बघितल्या, मग माझ्या बायकोच्या, हौसाच्या, अनवाणी पावलांवर त्याची नजर येऊन थांबली. बराच वेळ थांबली. मला राग यायला लागला तेवढ्यात तो म्हणाला, "वैनीबाई डावा पाय चांचपूनशी ठेवितात. भितात. कशास भितात?"

परवा सेल्वी भेटली बाजारात. मेस्त्रीच्या हाताखाली तिनं अठरा वर्षं सिमेंट-वाळूचा माल कालवला. म्हणाली, मेस्त्री गेला, तंजावरला, लेकीच्या घरी. मी पहिलं विचारलं ते हे, "पडून नाही ना गेला?" ती म्हणाली, "नाही अय्या, अंथरुणात. झोपेत." मला बरं वाटलं. माणूस गेल्याचं ऐकून बरं वाटणं चांगलं का वाईट, मला माहीत नाही. पण वाटलं.

मी चौथी शिकलेला माणूस. पत्रं लिहायची सवय आहे, तसंच हे लिहितोय.

हौसा कशाला भीत होती ते आधी सांगतो. आम्ही सांगलीकडचे. साखर कारखान्यात मी तेलवाला होतो. गाळप सुरू झालं की लांब चोचीची झारी घेऊन यंत्राच्या एकेका सांध्याला तेल पाजत फिरायचं. एकतीस वर्षं हेच केलं. काम सुटलं तेव्हा ती झारी मागून घेतली. राजूला इकडं मोटारीच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून म्हातारपणी चेन्नईला आलो. आधी वेळचेरीला भाड्याच्या फ्लॅटात राहिलो. तिथली फरशी पांढरी, चकचकीत, भरलेल्या हौदासारखी. हौसा म्हणायची, "ह्यात माझं तोंड दिसतंय, पण पाय कुठं ठेवायचा ते दिसत नाही." एक दिवस मोरीतून येताना पडली. मनगट मोडलं. डॉक्टरनं फोटो उजेडात धरला आणि म्हणाला, हाडं बिस्किटासारखी झालीत. पुन्हा पडू देऊ नका. पुन्हा पडल्या तर उठतील असं मी सांगू शकत नाही.

तेव्हापासून ती भिंत धरून चालायची आणि मी तिचं चालणं बघत बसायचो. ती मोरीत गेली की मी दाराबाहेर उभा. आतून आवाज आला नाही की भीती, आला की आणखी भीती. ती आतून ओरडायची, "जावा की तिकडं, कोण पळवून न्यायला लागलंय मला?"

मग राजूनं केळंबाक्कमला जागा घेतली. कोवलमचा समुद्र तिथनं जवळ, मधे मिठागरं. त्सुनामीची लाट येऊन गेली त्याला दोन वर्षं झाली होती, तरी तिकडचे लोक अजून समुद्राकडं पाठ करून बसत नव्हते. हौसाला लाटेचं काही वाटलं नाही. म्हणाली, "लाट यायची तेव्हा येईल. मला मोरीत रोज जायचंय." तिनं एकच मागितलं. फरशी चकचकीत नको. भाजक्या मातीच्या लाल लाद्या हव्यात, कोरड्या, खरबरीत, पायाला माती लागते तशा.

राजूच्या हापिसातल्या एका तंजावरी मराठी कारकुनानं तुळजारावाचं नाव सांगितलं. आपल्यातलाच आहे म्हणाला, मराठी बोलतो. बोलायचा खरं. पण त्याचं मराठी ऐकून मला पहिले दोन दिवस वाटलं, हा माणूस कुठला तरी जुना कागद वाचून दाखवतोय, आणि तोही तमिळ चालीवर. त्याच्या घराण्याला तिकडं जाऊन किती पिढ्या झाल्या ते त्यालाही सांगता येत नव्हतं. मला अण्णा म्हणायचा. साठीच्या पुढचा, काळा, काटक, खांद्यावर लाल काठाचा पंचा. पायाची बोटं पसरलेली, झाडाच्या मुळांसारखी. चप्पल दारात काढायचा आणि नव्या घरात शिरताना उजवा पाय आधी पुढं सरकवायचा, एकदा, दोनदा, मगच त्यावर भार टाकायचा. आमच्या घरात तेव्हा फरशी नव्हतीच, नुसती वाळू होती. तरी सरकवला.

लाद्या बघायला आम्ही जॉर्ज टाउनात एका व्यापाऱ्याच्या गोदामात गेलो. राजूला एक लादी आवडली. कुंकवासारखी लाल, कडा सरळ. मेस्त्रीनं ती कानाशी धरली आणि बोटाच्या पेरानं टकटक केली. मग दुसरी. मग तिसरी. घंटीसारखा आवाज आला की उजवीकडं, मडकं फुटल्यासारखा आला की डावीकडं. लादीचं पोट भाजलं नसेल तर आवाज बसतो, हे मलाही कळलं, मी भट्टीशेजारी काम केलेला माणूस. पण पुढचं काही मी कधी बघितलं नव्हतं. त्यानं लादी उलटी केली आणि जिभेनं चाटली. सरळ, वासरू चाटतं तशी. डोळे मिटले, जीभ टाळूला लावली आणि लादी खाली ठेवली.

"खारट. नको."

व्यापारी तमिळमध्ये काहीतरी पुटपुटला. मेस्त्री हसला नाही, मला नुसतं सांगितलं, "पुसतो, आणखी मीठ आणूं का. मी म्हटलें, नको पा, पुरे होईल इतकें तूं घातलेंस."

राजू म्हणाला, "मेस्त्री, थोडंसं मीठ असलं तर काय बिघडतं?"

"आतांच बिघडत नाहीं. तळांतली जमीन तुमची मिठागराची. तिचें मीठ येईल तें येईल. घरांत आणखी कशास न्यावें?"

तीन गोदामं फिरलो. राजूचा शनिवार गेला, रविवार गेला. शेवटी चार तऱ्हा त्याच्या जिभेला उतरल्या. मग चारींतली कोणती, हे राजूनं ठरवायचं नाही, मी नाही. त्यानं प्रत्येकीच्या सहा-सहा लाद्या आमच्या अंगणात वाळूवर मांडल्या, बादलीभर पाणी ओतलं आणि हौसाला बोलावलं.

"वैनीबाई, डोळे मिटा. चाला."

मी म्हणालो, "अहो मेस्त्री, डॉक्टरनं..." त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. खांद्यावरचा पंचा काढला, एक टोक आपल्या मुठीत धरलं, दुसरं हौसाच्या हातात दिलं. परक्या बाईचा हात कसा धरावा म्हणून पंचा. आणि ती डोळे मिटून त्याच्या मागनं ओल्या लाद्यांवर चालली. वेळचेरीत चार वर्षं भिंत न सोडलेली बाई. पहिल्या तऱ्हेवर तिनं बोटं आखडली. दुसरीवर थांबलीच नाही. तिसरीवर उभी राहिली, टाच घासली, बोटं पसरली.

"हितं धरतंय," ती म्हणाली. "हितं पाय धरतंय बघा."

त्या लाद्यांचा रंग चारींत सगळ्यात फिका होता. राजूचं तोंड उतरलं. मेस्त्री म्हणाला, "डोळ्यांस काय कळतें. डोळा कधीं पडतो का?"

कामाला तो हळू होता. लादी बसवायच्या आदल्या दिवशी पाण्यात बुडवून ठेवायचा. बुडबुडे यायचे, तो उकिडवा बसून बुडबुडे बंद व्हायची वाट बघायचा. हौसा डबा घेऊन यायची आणि त्याच्या शेजारी पाटावर बसायची. तहानलेली लादी बसविली तर मालांतलें पाणी पिऊन टाकते, मग धरीत नाहीं, हे त्यानं मला सांगितलं नाही, तिला सांगितलं. ती रात्री मला सांगायची. सेल्वी तिला तमिळ शिकवायची, ती सेल्वीला शेंगदाण्याची चटणी. मेस्त्री जेवताना बोलायचा नाही, पण चटणी संपली की रिकामा डबा सेल्वीकडं न देता हौसाकडं सरकवायचा.

एक खोली झाली की तो सगळ्यांना बाहेर काढायचा. फरशीवर पाणी टाकायचा, डोळे मिटायचा आणि एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत अनवाणी चालायचा. परत यायचा. आडवा चालायचा. कोपरेसुद्धा. मधेच थांबून एखाद्या लादीवर टाच फिरवायचा. सैपाकघरातली एक लादी त्यानं अशीच उखडली. मला त्या लादीत काही दिसलं नाही. "मजही दिसत नाहीं," तो म्हणाला.

ही खोड घरापुरती नव्हती. त्याच्या भाचीच्या लग्नाला आम्हाला बोलावणं होतं, सैदापेटच्या एका मंगल कार्यालयात. पंगत बसली होती, वाढपी धावत होते, आणि कुणाच्या तरी बादलीतनं पायसम, म्हणजे इकडची खीर, सांडलं. मेस्त्री मुलीचा मामा, जरीचं धोतर नेसलेला, त्याच्याकडं भटजी काहीतरी मागत होते. हा उठला तो त्या सांडलेल्या पायसमावर जाऊन उभा राहिला. दोन्ही हात पसरून, चौकातल्या पोलिसासारखा. इकडची पंगत इकडं, तिकडची तिकडं. वाढपी ओरडताहेत, नवरदेवाचा काका ओरडतोय, भटजी मुहूर्त मुहूर्त करताहेत. हा हलेना. वाढणाऱ्या एका पोरीनं फडकं आणलं, पुसलं, त्यानं पाय सरकवून बघितला, पुन्हा पुसायला लावलं, पुन्हा बघितलं, मग हात खाली घेतले. त्याची बायको आमच्याशेजारी बसली होती. तिनं केळीच्या पानावरची नजर वर न करता सांगितलं, "आमच्या लग्नांतही असेंच केलें. मी माळ घेऊनशी उभी, आणि हा खालीं बघतो."

आम्ही हसलो. मी तर फार हसलो.

घराचं काम उन्हाळ्याच्या तोंडाला संपलं. जायच्या दिवशी त्यानं हौसाला आणि मला समोर बसवलं आणि फरशीची निगा सांगितली. दोनदा सांगितली. साबण नको, ॲसिड तर नकोच. नुसतं पाणी, पिळलेलं फडकं. "खार वरती येईल. पांढरा, पिठासारखा. भिऊं नका. कोरड्या कुंच्यानें झाडा, पाणी मारूं नका. एक पाऊस जाऊं द्या, त्यापुढचा एक उन्हाळा जाऊं द्या. जमिनीचें सगळें मीठ येऊनशी जाऊं द्या. मग मी येईन. मग जवसाचें तेल. फडकें बुडवून घट्ट पिळावें, एकच हात फिरवावा, अर्ध्या घटकेनें दुसऱ्या कोरड्या फडक्यानें पुसूनशी काढावें. फडकें कोरडें येईस्तोवर पुसावें. तेल दिसलें तर तें चुकलें."

मी म्हणालो, "मेस्त्री, तेलाचं मला सांगू नका. एकतीस वर्षं तेलच घातलंय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. पायांकडं नाही, तोंडाकडं. "म्हणूनच सांगतों अण्णा. मी येईन तेव्हां."

त्या घरात हौसा भिंत सोडून चालली. देवघर ते सैपाकघर, सैपाकघर ते अंगण. कधी कधी मी खुर्चीत बसून डोळे मिटायचो आणि तिच्या पावलांचा आवाज ऐकायचो, खसखस, खसखस. तेवढे सात-आठ महिने मला भीती नव्हती. आयुष्यातले ते महिने मला वेगळे काढून दाखवता येतील.

दिवाळीच्या आधी इकडचा पाऊस लागला आणि खार फुटला. मेस्त्रीनं सांगितलं होतं तसाच, पांढरा, पिठासारखा, पण एवढा असेल असं वाटलं नव्हतं. लाद्यांवर डाग पडले, कोड उठल्यासारखे. मी कुंच्यानं झाडायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. त्यात सून स्मिता सातव्या महिन्यात. दिवाळीनंतर डोहाळजेवण ठरलं. चेन्नईतली आपली दहा-बारा घरं येणार, राजूच्या हापिसातल्या बायका येणार. हौसा फरशीकडं बघून म्हणाली, "पहिल्यांदा लोक घर बघणार आणि घर असं रोगट दिसतंय. मेस्त्रीला बोलवा की."

मेस्त्री तंजावरला होता. सेल्वी म्हणाली, लेकीचं बाळंतपण आहे, महिना तरी येणार नाही.

मग मी ते केलं. दुकानातनं जवसाचं तेल आणलं. माळ्यावरची झारी काढली. दुपारी बायका जेवून पडल्या होत्या, मी दिवाणखान्यापासून सुरुवात केली. फडकं पिळायचं वगैरे सगळं आठवत होतं मला. पण हात कुठला ऐकतोय. एकतीस वर्षं त्या हाताला एकच ठाऊक, सांधा कोरडा राहिला की यंत्र मरतं, तेल जास्त झालं म्हणून काही मरत नाही. मी लादीच्या सांध्यासांध्यानं झारी फिरवली. लाद्या खालनं ओल्या होत्या, तेल आत जाईना, वरच तरंगलं. मी वरवर पुसलं. पण रंग असा आला की काय सांगू. पांढरं सगळं गेलं आणि फरशी पिकल्या चिंचेसारखी लाल झाली. हौसा उठून आली, दारात उभी राहिली.

"जमलं की हो तुम्हाला," ती म्हणाली.

डोहाळजेवणाला सगळ्यांनी फरशीचं नाव काढलं. राजूसुद्धा म्हणाला, बाबा, हे आधीच करायला पाहिजे होतं.

चौथ्या दिवशी पहाटेपासून पाऊस होता. सहा वाजता हौसा अंगणातली फुलं काढून आत आली. तळव्याला ओल. मी चहा गाळत होतो. आवाज मोठा आला नाही. दोरीवरनं ओली चादर खाली पडावी, तसा. मी धावलो तर देवघराच्या दाराशी ती कुशीवर पडलेली, फुलं भोवती. तिनं मला हाक मारली नाही, आई गं म्हणाली नाही. म्हणाली, "फुलं उचला आधी. स्मिता येईल, पाय देईल."

खुबा मोडला होता. दवाखान्यात बावीस दिवस होती. छातीत पाणी भरलं आणि गेली.

लोक भेटायला आले, सगळे एकच म्हणाले. पावसाचं पाणी होतं, वय होतं, नशीब होतं. राजू म्हणाला, "बाबा, दारातनं पाणी आलं होतं, तुम्ही काय करणार?" मी मान हलवायचो. पण मी त्या फरशीवरनं चालताना माझ्या तळव्याला कळत होतं. मी झारी मागं पाण्याच्या टाकीआड लपवली. फरशीवर जुन्या चादरी अंथरल्या, पोती टाकली. स्मिताचा आठवा सरत आलेला. बाळंतपणाला माहेरी जायची ती सासूच्या दुखण्यात राहिली, आणि आता डॉक्टर प्रवास करू देईना. ती पोट सांभाळत चादरीवरनं चादरीवर पाय टाकायची आणि मी तिच्या मागंमागं, हात पुढं करून, स्पर्श न करता. ती म्हणायची, "बाबा, मी नाही पडणार." तरी मी हात मागं घ्यायचो नाही. ही सगळी भीती एकीकडं, आणि दुसरीकडं मेस्त्रीची. तो येणार हे माहीत होतं. आल्यावर तो काय बघणार हेही माहीत होतं.

तेराव्यानंतर तीन-चार दिवसांनी आला. सेल्वीनं कळवलं असावं. दारात चपला काढल्या. मी उठून त्याच्याकडं चाललो. तो खाली बघत होता, माझ्या पायांकडं.

"अण्णा," तो म्हणाला, "आतां तुम्हीं भितां."

मग त्यानं एक चादर उचलली. तांब्याभर पाणी टाकलं. उजवा पाय सरकवला. तो पाय गेला, जवळजवळ हातभर गेला, आणि त्यानं चौकट धरली. राजू, स्मिता, सेल्वी, सगळे बघत उभे होते.

"किती घातलें?"

"झारीनं," मी म्हणालो.

"पुसलें?"

"वरवर."

तो देवघराच्या दाराशी गेला. जागा त्याला कुणी दाखवली नव्हती. उकिडवा बसला, लादीवर हाताचा पंजा ठेवला आणि तसाच राहिला, कुणाचा तरी ताप बघावा तसा.

राजू म्हणाला, "मेस्त्री, पाऊस होता त्या दिवशी. पाणी होतं दारात."

"पाणी घरांत रोज असतें," मेस्त्री म्हणाला. "तिनें ओल्या लादीवर डोळे मिटूनशी चालून दाखविलें होतें."

मीच विचारलं. विचारायला नको होतं असं लोक म्हणतील. पण दीड महिना सगळे मला जे सांगत होते ते खोटं आहे हे मला एकट्यालाच माहीत होतं, आणि ते एकट्यानं धरून ठेवायला मला जमत नव्हतं.

"माझ्यामुळंच ना, मेस्त्री?"

"होय," तो म्हणाला.

राजू मागच्या दारानं बाहेर गेला. स्मितानं तोंडाला पदर लावला. मेस्त्री उठला, सेल्वीला तमिळमध्ये काहीतरी सांगितलं, ती पाणी तापवायला गेली. मग त्यानं पिशवीतनं काथ्याचे दोन ब्रश काढले. एक आपल्यापाशी ठेवला, एक माझ्या हातात दिला.

"घासा. सून असे घरांत."

घरात धुण्याचा सोडा होता, तांदळाचा कोंडा सेल्वीनं आणला. तेलावर कोंडा पसरायचा, तो तेल पितो, मग झाडून काढायचा. मग गरम पाण्यात सोडा, मग ब्रश, मग पांढऱ्या मातीचा लेप, रात्रभर ठेवून सकाळी खरवडायचा. पुन्हा पहिल्यापासून. चार दिवस लागले. माझे गुडघे सुजले. तो माझ्याहून थोरला असेल, पण थांबायचा नाही. पहिल्या दिवशी राजू घरात फिरकला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरनं आला, विजार दुमडली आणि माझ्यापासून लांब, खिडकीकडच्या बाजूला घासायला बसला. माझ्याशी बोलला नाही. ब्रश तेवढा मागितला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघंच होतो. मेस्त्री घासता घासता म्हणाला, खाली बघूनच, "मी एकदां चमक दिली होती. मैलापुरांत, मोठें घर. धनी म्हणाला, आरसा पाहिजे. मज येत होतें, मी दिला. त्याची आई पडली. मेली नाहीं. नऊ वर्षें अंथरुणांत राहिली. दर महिन्यास मी जात असें. घरचे बोलत नसत. ती बोले. तिजला वाटे मी तिचा भाऊ, गांवाहून आलों."

"तुम्ही सांगितलं नाही, मी भाऊ नाही म्हणून?"

"पहिल्यानें सांगितलें. दुसऱ्या महिन्यांत ती पुन्हा विसरली." त्यानं ब्रश पाण्यात बुडवला. "मग मी गांवाचें सांगे. पाऊस पडला, म्हैस व्यायली. माझें गांव, तिचें नाहीं."

मला वाटलं, आता हा पुढं काही म्हणेल. मला धीर देईल, किंवा शिव्या देईल. तो म्हणाला, "तो कोपरा राहिला," आणि मी कोपरा घासायला सरकलो.

चौथ्या दिवशी लाद्या पहिल्यासारख्या झाल्या. फिक्या, कोरड्या, कुठं कुठं डागलेल्या. त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं, पाणी टाकलं, डोळे मिटले आणि चालला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आडवा. कोपरे. देवघराच्या दाराशी उभा राहिला, टाच फिरवली, पुन्हा फिरवली. मग खांद्यावरचा पंचा काढला.

"सूनबाई, या."

मी म्हणालो, "नको मेस्त्री. तिचे दिवस..." स्मितानं माझ्याकडं बघितलं, मग पंच्याचं टोक धरलं. मी तिच्या तोंडाकडं बघितलंच नाही. मी पाय बघत होतो. सुजलेले, जड पाय, ओल्या लादीवर. एक. दुसरा. देवघराच्या दाराशी त्यानं तिला थांबवलं. राजूनं माझं मनगट कधी धरलं ते मला कळलं नाही.

"कसें?" त्यानं विचारलं.

तिनं बोटं पसरली. "धरतंय, मेस्त्री," ती म्हणाली.

नात पुढच्या महिन्यात झाली. आता घरभर पळते. तिनं रोज पळावं म्हणून मी रोज सकाळी फरशीवर पाणी टाकून अनवाणी चालतो. डोळे मिटायची हिंमत अजून झालेली नाही. खार अजून फुटतो, कुंच्यानं झाडतो. तेल कुणी घातलेलं नाही. मेस्त्री येणार होता ते घालायला, तो पुढचा उन्हाळा जाऊन आणखी एक गेला. मीही बोलावलं नाही.

घासून झालं त्या चौथ्या दिवशी निघताना मेस्त्रीनं हात धुतले, पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि मला विचारलं, "झारी कुठें असे?"

मी टाकीआडून काढून आणली. चोचीला कोळ्याचं जाळं लागलं होतं.

"ही मज द्या."

कशाला, असं मी विचारलं नाही. दिली. एकतीस वर्षं माझ्या हातात होती ती. त्यानं ती उलटी धरून झटकली, पंच्याच्या टोकानं चोच पुसली, पुन्हा पुसली. पंचा बघितला. कोरडा आला तेव्हा चपला घातल्या.

फाटकाशी पायरी ओली होती, आमच्याच पाण्यानं. त्यानं चपला पुन्हा काढल्या, झारी होती त्याच हातात धरल्या, उजवा पाय पुढं सरकवला. एकदा. दोनदा. मग भार टाकला आणि खाली उतरला.